शनिवारी जाऊ नको

बाळा,

तुझा मेसेज रात्री वाचला, फोटो पण बघितला. भुवईवर टाके दिसले, ओठ सुजलाय. लगेच फोन केला नाही, कारण फोनवर तू 'हो अण्णा, बरं अण्णा' म्हणत ऐकून घेतलं असतंस आणि ठेवून दिला असतास, आणि शेजारी तुझी पोरं बसलेली असणार हे मला माहीत आहे. म्हणून लिहायला बसलो. एकटा असताना वाच, घाई करू नको.

तू लिहिलंस ते असं की लेझीमच्या सरावात धक्का लागला, दुसऱ्या मंडळाचं एक पोरगं कायतरी बोललं, तू उलटं बोललास, त्यानं ढकललं, तू ढकललंस, मग तिघाचौघांनी मिळून तुला मारलं आणि कुणीतरी त्याचा व्हिडिओ काढून ग्रुपवर टाकला. आता तुझी पोरं म्हणायलीत की शनिवारी त्यांना होम मैदानावर बोलवू आणि मॅटर तिथंच संपवू. तू मला विचारलंस जायचं का, आणि गेलो तर काय काळजी घ्यायची.

जाऊ नको. काळजी घेऊन पण जाऊ नको.

तुझा मेसेज मी परत परत वाचला. त्यात मारणाऱ्या पोराबद्दल एक ओळ आहे. बाकी सगळं व्हिडिओबद्दल, कुणी कुणी बघितला, कुणी हसायचे इमोजी टाकले, क्लासमधली कोण काय म्हणाली. म्हणजे लागलंय भुवईला पण सलतंय ते लोकांनी बघितलं त्याचं. यात लाज वाटण्यासारखं काही नाही, तुझ्या वयात मला पण हेच सलायचं. पण हे नीट बघ, कारण शनिवारची मारामारी त्या पोराशी नाहीच, ती ग्रुपवरच्या लोकांना दाखवायला आहे. मी ज्या मारामाऱ्या केल्या आणि ज्या जवळून बघितल्या त्यातल्या बहुतेक बघणाऱ्यांमुळं झाल्या. दोघंच असते तर दोन शिव्या देऊन आपापल्या घरी जेवायला गेले असते.

आपल्या सोलापूरच्या गड्ड्याच्या यात्रेतलं सांगतो. मी साधारण तुझ्याएवढा होतो. संक्रांतीचे दिवस, मैदान गच्च भरलेलं, मौत का कुआंच्या गाड्यांचा आवाज, पाळणे, भज्याच्या तेलाचा वास, आणि माझ्या अंगात नवा शर्ट. एका पोराचा खांदा लागला आणि त्याच्या हातातला उसाचा रस माझ्या छातीवर सांडला. मी त्याच्याकडं बघितलं. तो सॉरी म्हणायच्या बेतात होता, तोंड उघडलं होतं त्यानं, हे मी माझ्या डोळ्यानं बघितलंय. तेवढ्यात मागनं त्याचा दोस्त म्हणाला, "काय बे, घाबरलास काय?" आणि त्या पोराचं उघडलेलं तोंड मिटलं. चेहरा बदलला. मग माझ्या बाजूचे पण बोलायला लागले, लोक थांबले, गोल झाला, आणि एकदा गोल झाला की आतल्या दोघांना बाहेर पडायला वाट राहत नाही. त्यानं माझी कॉलर धरली, मी बुक्की मारली. मारताना त्याची नजर माझ्यावर कमी आणि त्याच्या पोरांवर जास्त होती. माझी पण तशीच असणार.

कोण जिंकलं म्हणशील तर लोक म्हणाले मी जिंकलो. त्याच्या ओठातनं रक्त आलं आणि माझ्या मधल्या बोटाच्या सांध्यावर त्याचा दात लागून बारीक कापलं. एवढंसं. धुतलं पण नाही नीट. दोनतीन दिवसांत हात सुजून लाल झाला, बोट वाकेना, ताप आला. डॉक्टरनं बघितल्या बघितल्या विचारलं, कुणाच्या तोंडावर मारलास? बुक्की वळलेली असताना दात सांध्यापर्यंत आत जातो, आणि हात उघडला की वरची कातडी नि आतली शीर सरकून जखम झाकून टाकतात, तोंडातले जंतू आतच राहतात. चिरून पू काढावा लागला. बोट वाचलं पण आजपण पूर्ण मिटत नाही. पुढं मी कापडाच्या मागावर कामाला लागलो तेव्हा कळलं त्याची किंमत काय ते, कारण सुताची तार तुटली की दोन्ही टोकं चिमटीत धरून चटकन गाठ मारायची असते, माग थांबलेला असतो, मजुरी नगावर, आणि बाकीचे एका दमात मारायचे ती गाठ मला जपून मारावी लागायची. म्हणून तुझ्या हाताच्या सांध्यावर कुठं दात लागला असेल तर आजच्या आज दवाखान्यात दाखव, उद्यावर टाकू नको, आणि धनुर्वाताचं इंजेक्शन झालंय का विचार.

आता दुसरं एक सांगतो, ते माझ्या मते जास्त कामाचं आहे. पूर्व भागात चादरीच्या कारखान्यात होतो तेव्हाची गोष्ट. मागांच्या आवाजात शेजारचा काय बोलतो ते ऐकू येत नाही, सगळं हातवाऱ्यावर आणि ओठाच्या हालचालीवर चालतं, त्यामुळं गैरसमज पण लवकर होतात. दोन कामगारांचं कांड्यांवरनं, म्हणजे धोट्यात घालायच्या सुताच्या रिळांवरनं, लागलं. माझ्या कांड्या तू उचलल्यास, नाही उचलल्या, असं. एकानं पाना हातात घेतला. सगळे आपापला माग सोडून बघायला लागले, एकदोघं हसत पण होते. आमचा जॉबर, म्हणजे मागांवर देखरेख करणारा, म्हातारा माणूस, तो त्या दोघांकडं गेलाच नाही. सरळ भिंतीकडं गेला आणि मेन स्विच पाडला. सगळे माग एकदम थांबले. त्या शेडमध्ये कामाच्या वेळेत अशी शांतता मी कधी ऐकली नव्हती, आणि त्या शांततेत ते दोघं बेंबीच्या देठापासनं ओरडत होते ते त्यांचं त्यांनाच ऐकू आलं. मग जॉबर आम्हाला म्हणाला, चला, बीम (ताण्याच्या सुताचे रूळ) पुसून घ्या सगळे, आपापल्या मागावर. बघणारे पांगले. पाना ज्याच्या हातात होता त्याला त्यानं त्याच्या घरच्या भाषेत, तेलुगूत, हळू आवाजात विचारलं काय झालं रे, आणि त्याला सायझिंगला, म्हणजे सुताला खळ लावतात तिथं, पाठवलं बीम तयार आहे का विचारायला. दुसऱ्याला तेल आणायला पाठवलं. बीमची काही घाई नव्हती, तेल पण होतं. पण दोघांना तिथनं निघायला कामाचं कारण मिळालं, हरून गेलो असं कुणालाच वाटलं नाही. संध्याकाळी एकाच टपरीवर चहा पिताना बघितले मी दोघांना.

त्या म्हाताऱ्यानं काय केलं ते लक्षात घे. बघणारे काढून टाकले आणि दोघांना मान राखून निघायची वाट दिली. तुला पण तेच पाहिजे शनिवारी. तुला वाटतंय तुला हिंमत पाहिजे, पण हिंमत तुझ्यात आहे, तिघाचौघांसमोर तू पाय रोवून उभा राहिलास. तुला निघायला कारण पाहिजे. ते मी देतो. तुझ्या पोरांना सांग की अण्णानं बोलवलंय, अण्णा म्हणाला पोलीस भरती होईपर्यंत कुठं मारामारीला गेलास तर माझ्या दारात येऊ नको. माझ्यावर ढकल. मला वाईट म्हणतील तर म्हणू दे, मला त्याचं काही वाटत नाही.

तू म्हणशील तालमीत तर तुम्हीच उतरवलं मला, तिथं पण लोक बघतातच की. बघतात. पण तिथं वस्ताद जोड बघून कुस्ती लावतो, वजनाला वजन, दोघं आधी हात मिळवतात, आणि पाठ लागली की संपलं, वरचा उठून खालच्याला हात देतो. माती पण खणून मऊ केलेली, ताक, तेल, लिंबू, हळद, कापूर घालून मळलेली, अंगाला लागली तर बरीच वाटते. शनिवारी तिथं जोड कोण बघणार? ते किती येणार तुला माहीत नाही. संपलं म्हणून कोण सांगणार? आणि तू खाली पडलास तर कशावर पडणार?

हे पडणं मला सगळ्यात जास्त भीतीचं वाटतं, बुक्कीपेक्षा पण. आमच्या गल्लीत दोन दोस्तांचं उधारीवरनं वाजलं होतं, मारामारी म्हणावी एवढं पण नाही. एकानं छातीवर हात ठेवून ढकललं, दुसऱ्याचा पाय अडकला, तो मागं गेला आणि गटारीच्या कट्ट्यावर डोकं आपटलं. उठला. कपडे झटकले. हसला पण, म्हणाला काय नाही झालं. चहा प्याला, घरी गेला, जेवला, झोपला. रात्री उलट्या झाल्या, आईला वाटलं जेवण बाधलं असेल. पहाटे उठवायला गेली तर उठेना. सिव्हिलला नेला, डोक्याचं ऑपरेशन झालं. वाचला, पण एक पाय ओढत चालतो. कवटीच्या आत रक्त साठत जातं आणि सुरवातीचे काही तास माणूस अगदी चांगला दिसतो, त्यामुळं फसायला होतं. ज्यानं ढकललं त्याची आणि त्याची लहानपणापासनंची दोस्ती. त्याच्या मनात काहीच नव्हतं, पण ढकललं तर त्यानंच, आणि ते त्याच्यापासनं कधी सुटलं नाही. तो अजून त्याच्या घरी जातो, त्याच्या आईची औषधं आणून देतो, पण दोघं पहिल्यासारखं बोलत नाहीत.

म्हणून तुला विचारतो, त्या दिवशी तुझं डोकं कुठं आपटलं होतं का? खरं सांग. आपटलं असेल आणि डोकेदुखी वाढत चालली असेल, उलटी झाली, बोलताना जीभ जड वाटली, फार झोप यायला लागली, एका डोळ्याची बाहुली मोठी दिसली, नाका-कानातनं पाण्यासारखं काही आलं, यातलं एकपण असेल तर पत्र खाली ठेव आणि सिव्हिलला जा. आईला सांगून ठेव. तिच्यापासनं लपवायलास ते मला अजिबात पटलेलं नाही.

आता कायद्याचं, कारण तू पोलीस भरतीची तयारी करायलास. पहाटे उठून पार्कवर 1600 मीटरचा टायमिंग कमी करायला वर्षभर घाम गाळलास. 1 जुलै 2024 पासनं भारतीय न्याय संहिता लागू आहे. साधी दुखापत कलम 115, त्यात एक वर्षापर्यंत शिक्षा होऊ शकते. पण हाड मोडलं किंवा दात पडला की ती गंभीर दुखापत धरतात, दात हलून जागेवरनं सरकला तरी, आणि मग 117, सात वर्षांपर्यंत. एक दात, बाळा. बुक्की मारताना दात पडणार का नाही हे कुणाच्या हातात असतं? हातात हत्यार किंवा हत्यारासारखी वापरलेली वस्तू असली तर 118 लागू शकतं, आणि तुम्ही सगळे सरावातनं लेझीम घेऊनच निघणार, ती लाकडी दांडी आणि लोखंडी साखळी पोलिसाला कशी दिसेल याचा विचार कर. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे पाच किंवा जास्त जण मारायला जमले की तो बेकायदेशीर जमाव होतो आणि त्यात कुणी एकानं जे केलं त्याचा दोष सगळ्यांवर येऊ शकतो. तू हात खिशात घालून उभा राहिलास आणि तुझ्या दोस्तानं कुणाचं डोकं फोडलं तरी तुझं नाव त्यात येणार.

स्वसंरक्षण म्हणता येईल असं तुला कुणीतरी सांगितलंय. अंगावर आलेल्याला अडवायचा हक्क कायद्यानं आहेच, पण गरजेपुरताच, आणि दिवस-वार ठरवून, पोरं जमवून गेलेल्याला तो सांगता येत नाही. ग्रुपवरचे तुमचे मेसेज तर आहेतच. भरतीत निवड झाल्यावर चारित्र्य पडताळणी असते, गुन्हा दाखल आहे का ते फॉर्मवर लिहावं लागतं आणि लपवलं तर त्याच कारणावरनं घालवू शकतात. शनिवारी तुझ्यासाठी नाचणाऱ्या पोरांपैकी भरतीचा फॉर्म किती जणांनी भरलाय?

मार खाल्लायस तू, तेव्हा तक्रार द्यायचा हक्क तुझा आहे आणि तो मी काढून घेत नाही. माझं मत विचारशील तर आईबाबांना घेऊन चौकीत जा आणि नोंद करून ये. टाके घातले तो दवाखान्याचा कागद जपून ठेव. तो व्हिडिओ पण सेव्ह कर, त्यात कोण कोण आहे ते दिसतंय, म्हणजे ज्याची तुला एवढी लाज वाटायलीय तोच तुझ्या बाजूचा पुरावा आहे. तू पण ढकललं होतंस ते लपवू नको, जसं झालं तसं सांग. ते उलटी तुझ्यावरच क्रॉस केस करतील ही भीती आहे, असते, म्हणून तर खरं सांगणं बरं.

आणि समज शनिवारी तू गेला नाहीस पण सोमवारी तेच पोरगं सात रस्ता चौकात समोर आलं तर? तेव्हा काय करायचं ते सांगतो. तोंड कोरडं पडेल, हात-पाय थरथरतील, आजूबाजूचा आवाज लांबून आल्यासारखा वाटेल. घाबरट आहेस म्हणून होत नाही ते, सगळ्यांचं होतं, मोठमोठ्या पैलवानांचं पण होतं, शरीर तयार होत असतं. ते थरथरणं लपवायला माणूस पहिली बुक्की मारतो, हे मी लय वेळा बघितलंय. तू थरथरू दे. हात उघडे, छातीच्या उंचीला, तळवे समोर, म्हणजे वार आला तर अडवता येतो आणि लोकांना पण दिसतं की तुला मारायचं नाहीये. आवाज खाली. "भाऊ, माझं काम आहे, मी चाललो" एवढंच. आई-बहिणीवरनं काही बोलला तर बोलू दे, त्याला तुला थांबवायचंय म्हणून तो बोलतोय. एकदम पाठ फिरवू नको, तिरकं सरकत जा, उजेड आणि मोठी माणसं असतील तिकडं, मेडिकल, चहाची टपरी, रिक्षा स्टॉप. पळावं लागलं तर पळ, 1600 मीटरची तयारी आहे तुझी, तुला कोण गाठणार? 112 लाव. खाली पडलासच तर हनुवटी छातीला लाव, दोन्ही हात डोक्यावर, आणि उठायचं बघ.

एक राहिलं. तुझ्या दोस्ताची कुणाशी लागली आणि तुला सोडवायला जायचं झालं तर त्याचे हात मागनं कधी धरू नको. लोक सोडवायला म्हणून हात धरतात आणि समोरचा मोकळा असतो, तो मारत राहतो. कमरेला मिठी मारून आपल्या माणसाला मागं ओढ, आणि पलीकडच्यांना ओरडून सांग त्यांचा माणूस त्यांनी ओढावा.

ग्रुपचं म्हणशील तर आज रात्री त्यातनं बाहेर पड. भांडून नको, काही लिहून पण नको, नुसतं बाहेर पड. चार दिवसांत त्यांना दुसरा व्हिडिओ मिळेल.

त्या मंडळाचे जे थोरले आहेत त्यांना मी ओळखतो, आम्ही एकाच तालमीत होतो. त्यांच्याशी बोललोय, सकाळीच. ते म्हणाले त्यांची पोरं पण घाबरलेली आहेत, घरी कुणाला सांगितलेलं नाही. रविवारी सकाळी दहाला तालमीत बसायचं ठरलंय. त्यांच्याकडनं तो पोरगा आणि त्याचे वडील, आपल्याकडनं तू, तुझे बाबा आणि मी. बाकी कुणी नाही, दोस्त नाहीत, मोबाईल बाहेर. तिथं तुला जे बोलायचंय ते बोल, राग आला असेल तर राग पण बोल, मी मध्ये अडवणार नाही. त्यानं माफी मागितली तर घे, नाही मागितली तर चौकीत नोंद आहेच आपली. तुला काय पाहिजे ते आधी घरी बाबांशी बोलून ठेव, तिथं येऊन ठरवू नको.

टाक्यांना पाणी लावू नको डॉक्टर सांगेपर्यंत. भुवईवरनं रुमाल बांधून फिरायलास असं तुझ्या बहिणीनं सांगितलं, तो काढ, घामानं जखम चिघळेल. आणि शनिवारी संध्याकाळी सरावाला जाऊ नको, माझ्याकडं ये, काकू कडक भाकरी आणि शेंगाचटणी देणार आहे, जेवून इथंच झोप.

तुझा,
अण्णा